हिरवी मेणबत्ती कुणाची?

'पॉवर रेंजर्स' तुम्हीही हिंदीत पाहिली असेल. आमच्या कळंबला केबलवर लागायची, तेव्हा आम्ही शाळेतून पळत घरी यायचो. पण पहिल्या मालिकेत गुलाबी रेंजरला स्कर्ट आणि पिवळीला का नाही, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. उत्तर सोपं आहे: मूळ जपानी मालिकेत पिवळा रेंजर मुलगा होता!

ती मालिका म्हणजे तोएई कंपनीची 'झ्युरेंजर' (१९९२). हाइम सबान यांच्या कंपनीने तिच्यातल्या मारामाऱ्या उचलल्या आणि मधले प्रसंग अमेरिकन पोरापोरींना घेऊन नव्याने चित्रित केले. १९९३ मध्ये ते तिकडे दाखवलं गेलं. हेल्मेटमुळे चेहरे झाकलेले, म्हणून हे जमलं. बरेच जण याला नुसती काटकसर म्हणतात. मला वाटतं, चित्रं तीच राहिली, पण अर्थ बदलला.

हिरव्या रेंजरची मेणबत्ती घ्या. जपानी कथेत बुराई हा लाल रेंजर गेकीचा भाऊ. मेणबत्ती म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य. ते संपतं आणि तो मरतो. अमेरिकेतला टॉमी लाल रेंजरचा भाऊ नाही, आणि मेणबत्ती संपली की जाते ती फक्त त्याची शक्ती. पुढे तो पांढरा रेंजर होऊन परत येतो.

टॉमी मुलांना आवडला, हे खरंच. पण मुलांना मरण झेपत नाही, हे मला पटत नाही. जपानमधले प्रेक्षकही लहानच होते ना? म्हणून रूपांतर तपासताना मी संवादांच्या आधी हे बघते: कुणाला मरू दिलं नाही?