जुरूचे घर आणि दोन सत्ता

विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही पहिली कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. नक्षलवादी दले त्याही आधी, १९८० च्या सुमारास, सिरोंचाच्या अरण्यात उतरली होती. अशा कादंबरीची चर्चा चळवळीचे समर्थन की विरोध, या वादात अडकण्याचा धोका असतो. शीर्षकही त्याला खतपाणी घालते. वस्तुतः तिचे खरे केंद्र माडिया गोंडाचे घर हे आहे. बांबू, तेंदूपाने आणि मोहफुले यांवर जगणाऱ्या या घराला जंगल खाते हीच सरकारची एकमेव ओळख. पुढे बंदूकधाऱ्यांची दुसरी सत्ता येते. रात्री आलेल्यांना भात वाढावा तर दिवसा पोलिसांना जाब द्यावा लागतो. न वाढावा तर रात्रीचे भय. संघर्षग्रस्त प्रदेशातील कुटुंबाची ही कोंडी घोषणांतून कळत नाही, ती चुलीपाशी कळते.

मनोहर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात दीर्घकाळ राहिलेले कार्यकर्ते. या सहवासाने कादंबरीला तपशिलांची विश्वासार्हता दिली आहे, आणि तिची मर्यादाही तेथूनच येते. निवेदक अनेकदा जुरूच्या पाठीशी उभा राहण्याऐवजी त्याच्या वतीने नागर वाचकाला समजावून सांगू लागतो. प्रथा, समजुती, शोषणाच्या तऱ्हा यांची माहिती साचते आणि माणूस क्षणभर उदाहरण होऊन बसतो. याच्या मुळाशी भाषेचा पेच आहे. माडिया ही द्राविड कुळातील बोली. मराठी ही तिच्या भाषकाला फॉरेस्टगार्डाच्या, फौजदाराच्या तोंडून भेटलेली भाषा. ज्या भाषेत जुरूला दरडावले जाते, त्याच भाषेत कादंबरीला त्याचे मन उलगडावे लागते. हा पेच कोणाही मराठी कादंबरीकाराला टाळता आला नसता. मात्र त्याची जाणीव निवेदनात उतरली असती, तर कादंबरी अधिक खोल गेली असती, असे मला वाटते.

येथे गोपीनाथ महांतींच्या ‘परजा’ (१९४५) या उडिया कादंबरीची आठवण होते. तेथेही वनरक्षकाची वासना आणि सावकाराचे कर्ज सुकरू जानीचे घर उद्ध्वस्त करते. पण सावकाराचा खून केल्यावर बापलेक स्वतःहून पोलिसांपुढे हजर होतात. गुन्हा केल्यावरही सरकार हेच अखेरचे ठिकाण, ही त्यांची श्रद्धा शाबूत आहे. जुरूपाशी ती उरत नाही. या दोन घरांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्यात स्वातंत्र्यही येऊन गेले आहे. मनोहरांच्या कादंबरीचे महत्त्व मी या ठिकाणी मानतो.

जबलपूरच्या मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. मदनमहालच्या या गावात गोंड म्हणजे राजवंश: १५६४ मध्ये मोगलांशी लढताना मरण पत्करणारी दुर्गावती, १८५७ च्या सप्टेंबरात तोफेच्या तोंडी दिलेले शंकरशाह आणि रघुनाथशाह. गोंड हेच नाव लावणारा भामरागडचा माणूस सरकारी दप्तरात मात्र जंगलचोर म्हणून नोंदला जातो. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की कादंबरीतील निरागस, सोशिक माडिया काहीसा अपुरा वाटू लागतो. शस्त्र हाती घेण्याची आठवण गोंडवनाला परकी नव्हती; ती बाहेरून आलेल्या दलांनीच प्रथम आणली, असा समज कादंबरी पुरेसा पुसत नाही.