ओरडणारी गाडी, मुकी किल्ली

मध्यरात्री साताऱ्याच्या सदाशिव पेठेत किंवा सांगलीच्या गावभागात उभी असलेली एखादी मोटार अचानक कोकलू लागते. चार खिडक्या उघडतात, पण चोर पकडायला नव्हे, "कुणाची आहे हो ती गाडी? बंद करा ना!" असे ओरडायला. चोर आल्याचे सांगण्यासाठी बसवलेले यंत्र वाजते आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही चोर आला असे वाटत नाही. असे यंत्र यशस्वी म्हणावे का? मोटारीचा हा भोंगा आणि त्याला गप्प करणारी 'रिमोट'ची किल्ली या जोडीचे गुणदोष येथे तपासून पाहू.

आधी किल्लीचे श्रेय तिला देऊ. दूरचित्रवाणीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो, तर मोटारीचा रेडिओलहरींवर. आपल्याकडे त्यासाठी बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही वारंवारता वापरतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, सुमारे ६९ सेंटिमीटर. किल्ली दर वेळी पाठवते तो सांकेतिक संदेश आधीच्यापेक्षा वेगळा असतो. गाडीने एकदा स्वीकारलेला संदेश कोणी टिपून पुन्हा ऐकवला, तरी तो शिळा ठरतो. गाडी पुढचे काही संदेश ओळखण्याच्या तयारीत असते. पण घरात पोराने खेळता खेळता बटण फार वेळा दाबले, तर दोघांचा मेळ सुटू शकतो. मग ती किल्ली गाडीला नव्याने 'शिकवावी' लागते. कल्पना खरोखर सुंदर आहे.

दोष सुरू होतो तो किल्ली मोडल्यावर. बहुतेक वेळा बिघाड क्षुल्लक असतो. आतला सेल संपलेला असतो, सेल धरणारी पत्री सैल झालेली असते, किल्ली पडून बटणाचा डाग सुटलेला असतो, नाहीतर पाटण-महाबळेश्वरच्या पावसात आत ओल जाऊन गंज चढलेला असतो. सेल बहुधा 'सीआर २०३२' या जातीचा असतो. या आकड्यांतच त्याचे माप दडलेले आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. विद्युतदाब ३ व्होल्ट. तो मोजायला शाळेतला व्होल्टमीटर पुरतो. मात्र हा सेल लहान मुलांच्या हाती देऊ नये. गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजू शकते.

रिमोट मेला की मालक त्यातली धातूची किल्ली काढून दार उघडतो आणि भोंगा वाजू लागतो. घाबरण्याचे कारण नाही. गाडी रिमोटने बंद झालेली असते. ती रिमोटच्याच संदेशाची वाट पाहत असते, आणि अनेक गाड्या नुसत्या धातूच्या किल्लीला मालकाची खूण मानत नाहीत. अशा वेळी आत बसून किल्ली इंजिनच्या कुलपात घालून फिरवावी. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर रिमोट त्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवावा. बहुतेक गाड्यांत भोंगा थांबतो. सेल मेलेला असताना हे कसे घडते? किल्लीत एक वेगळी चकती असते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात वीज निर्माण होते आणि ती आपली ओळख सांगते. दहावीला शिकवतो ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. आम्ही पाहिलेल्या पुस्तिकांत 'असे करा' एवढेच आहे, तेही इंग्रजीत. 'का' याला जागा नाही. कारण ठाऊक नसलेली सूचना ऐन वेळी आठवत नाही.

बाहेरून बसवून घेतलेल्या भोंग्याला ही युक्ती लागू पडेलच असे नाही. त्याचे छुपे बटण असल्यास ते कोठे आहे, हे बसवणाऱ्याला आधीच विचारून ठेवावे. बॅटरीची तार काढून भागेल असेही नाही. काही भोंग्यांच्या पोटात स्वतःची बॅटरी असते.

आता भोंग्याकडे वळू. धक्का ओळखणारा संवेदक फार हळवा ठेवला की जवळून गेलेला उसाचा ट्रक, लग्नातला फटाका, ढगांचा गडगडाट, सगळेच त्याला चोर वाटतात. बॉनेटखालची कळ मळली किंवा मुख्य बॅटरी दुबळी झाली, तरीही तो ओरडतो. म्हणून विनाकारण वाजणाऱ्या गाडीची प्रथम बॅटरी तपासावी, मग कळ, आणि शेवटी संवेदकाची तीव्रता कमी करून घ्यावी.

एवढे करून चोरी थांबते का? अमेरिकेत १९९७ साली सात कोटी तीस लाख वाहनांच्या विमादाव्यांची छाननी झाली. भोंगा असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकूण घट दिसली नाही. उलट ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच न होऊ देणारी ती मुकी चकती युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली, आणि तिच्यामुळे चोऱ्या लक्षणीय घटल्याचे डच संशोधकांना आढळले. ओरडणारा राखणदार निरुपयोगी ठरला आणि न बोलणारा कामाचा निघाला!

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. ती तितकीच इशाऱ्याच्या विज्ञानाचीही गोष्ट आहे. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण वाढले की खरा इशाराही वाया जातो. कृष्णाकाठाला हे कळायला हवे. कोयना धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठाला भोंग्याने सावध केले जाते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला, आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसण्याची प्रथा पडली. या इशाऱ्यांना एकेकच ठरलेला अर्थ आहे, ते कोणी दिले हे माहीत आहे आणि ऐकल्यावर काय करायचे हेही. मोटारीच्या भोंग्याजवळ यातले काहीच नाही. तो नुसता त्रास देत नाही, तर भोंगा ऐकून कूस बदलून झोपण्याची सवय लावतो. पुराच्या जिल्ह्यांत ही सवय महागात पडेल, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

शिक्षकांना यातून एक सोपा पाठ घेता येईल. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर टीव्हीचा रिमोट दाबावा. पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याचा दिवा लुकलुकताना दिसतो. मोटारीचा रिमोट दाबल्यावर कॅमेऱ्याला लहरी दिसत नाहीत. मग टीव्हीच्या रिमोटपुढे पुठ्ठा धरावा, मोटारीचा रिमोट पुठ्ठ्याच्या खोक्यात व नंतर ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून दाबावा, आणि कोण कोठे अडते याची नोंद मुलांनी करावी. शेवटी मुलांना विचारावे: तुम्हाला गावासाठी भोंगा बसवायचा असेल, तर तो केव्हा वाजू नये? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी मुले पुढे बरी यंत्रे बनवतील.