शेक्सपिअरच्या घरातलं धान्य

आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. त्यासाठी कुणाला शेक्सपिअरचं घर बघावं लागलं नाही. मग आज व्हिसा, तिकीट, सुट्टी असं सगळं जमवून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला जायचं ते कशासाठी? नाटकं पुस्तकात आहेत. गावात वेगळं काय मिळतं?

बहुतेकांना तिथे एक गोड माणूस मिळतो. हेन्ली स्ट्रीटवरचं लाकडी चौकटींचं घर हातमोजे बनवणाऱ्या जॉन शेक्सपिअरचं. विल्यम १५६४ साली इथेच जन्मला असं मानतात. १८४७ मध्ये हे घर लिलावात तीन हजार पौंडांना विकत घेऊन जपलं गेलं. जन्मखोलीच्या जुन्या खिडकीच्या काचांवर आलेल्यागेलेल्यांनी नावं कोरलीत, त्यात वॉल्टर स्कॉटही आहे. म्हणजे किल्ल्यांच्या भिंतींवर नावं कोरणारे आपणच पहिले नाही! शॉटरीला अ‍ॅन हॅथवेचं माहेर आहे. विल्मकोटला आईचं घर म्हणून जे वर्षानुवर्षं दाखवत होते, ते दुसऱ्याच शेतकऱ्याचं असल्याचं २००० साली लक्षात आलं. खरं घर शेजारचं निघालं. तोवर किती जणांचा ऊर भलत्याच उंबऱ्यावर भरून आला असेल!

पण मला त्या गावात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक रिकामी जागा. न्यू प्लेस.

गावातलं हे मोठं घर शेक्सपिअरने १५९७ मध्ये विकत घेतलं. नाटकं लंडनच्या रंगमंचासाठी लिहिली, पण मिळालेला पैसा गावात गुंतवला. १६०२ मध्ये त्याने जवळच १०७ एकर जमीन घेतली. पुढे न्यू प्लेस फ्रान्सिस गॅस्ट्रेल या पाद्र्याकडे आलं. शेक्सपिअरने लावलेलं म्हणून अंगणातलं तुतीचं झाड बघायला लोक सारखे येत. वैतागून त्याने ते तोडलं आणि १७५९ मध्ये घरच पाडलं. आज तिथे बाग आहे.

या घराबद्दलचा एक कागद मात्र टिकून आहे. १५९० च्या दशकात इंग्लंडमध्ये लागोपाठ पिकं बुडाली. धान्य महागलं, तेव्हा कुणाकडे किती साठा आहे याची सरकारी मोजदाद झाली. १५९८ च्या यादीत शेक्सपिअरच्या नावापुढे दहा क्वार्टर माल्ट आहे, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य. माप भरतं जवळपास २,९०० लिटर. तो एकटा नव्हता, गावातल्या अनेक सुखवस्तू घरांकडे साठे होते. पण आपल्याकडे अशा माणसाला दुष्काळात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे: साठेबाज.

आता ‘कोरिओलेनस’ उघडा. नाटक साधारण १६०८ चं. त्याआधीच, १६०७ मध्ये, वॉरिकशायर आणि आसपासच्या भागात जमिनींना कुंपणं घालण्याविरुद्ध लोक उठले होते. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात रोमची उपाशी माणसं काठ्या घेऊन रस्त्यावर येतात. त्यांची मुख्य तक्रार: श्रीमंतांची कोठारं भरलेली आहेत आणि आम्ही मरतोय. शेक्सपिअरने कथा घेतली प्लुटार्ककडून. तिथे लोकांचं पहिलं बंड सावकारीविरुद्ध आहे, धान्याचा प्रश्न नंतर येतो. शेक्सपिअरने धान्य उचलून सुरुवातीला आणलं.

याला कबुली म्हणायचा मोह होतो, पण तसा पुरावा नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. मला एवढंच दिसतं की ज्याच्या घरी साठा होता, त्यानेच उपाशी माणसांच्या तोंडी बिनतोड युक्तिवाद घातला. स्वतःच्या हिताविरुद्ध बोलणाऱ्या पात्रालाही पूर्ण आवाज द्यायचा, ही नाटककाराची ताकद मला हॅम्लेटच्या स्वगतांइतकीच मोठी वाटते. पाळणा आणि चूल बघून ती कळत नाही. घराची किंमत, जमिनीचे एकर आणि माल्टचं माप कळलं की कळते.

लेखकाच्या घरी जाऊन आपण बहुधा त्याला माफ करून येतो. मोठा माणूस, साधं घर, छान फोटो. त्या फोटोत धान्य नसतं. स्ट्रॅटफर्डला जाणं झालं तर न्यू प्लेसच्या बागेत जरा बसा आणि मोबाइलवर ‘कोरिओलेनस’ची पहिली दोन पानं वाचा, नेटवर फुकट आहेत. जाणं झालं नाही तरी ती दोन पानं घरबसल्या वाचता येतातच.