नगर रेखणारा आणि नगरात राहणारा

कादंबरी लिहिणाऱ्याला एक अनुभव हटकून येतो. पात्रे मनाशी पक्की करून, प्रकरणांची वाटणी करून तो लिहायला बसतो आणि शंभरएक पाने होतात न होतात तोच एखादे दुय्यम पात्र त्याचे ऐकेनासे होते. मग त्या पात्राला कान धरून आराखड्यात परत आणायचे, की आराखडाच बदलायचा, हे त्याला ठरवावे लागते. पहिल्या प्रकाराने कादंबरी नीटनेटकी होते, पण बहुधा मरते. दुसऱ्या प्रकाराने ती जगते. मात्र कुठे जाऊन थांबेल, याची शाश्वती कोणी देऊ नये.

कागदावरच्या माणसांची ही कथा. मग ज्यांनी हाडामांसाच्या माणसांसाठी सबंध नगरे रेखली, त्यांचे काय झाले असेल? गेल्या सत्तर वर्षांत काही चित्रकार आणि वास्तुशिल्पी या वेडाने झपाटले. नगर असावे, पण त्यात कोणी मालक नसावा. कारभार तिथे राहणाऱ्यांनीच करावा. घर, रस्ता, काम, करमणूक यांची जुनी वाटणी मोडावी, असा त्यांचा ध्यास. मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराला वास्तुशास्त्रातले गणित कळत नाही. पण या नगरांची चित्रे आणि वृत्तांत वाचताना एक प्रश्न मला सोडीत नाही. स्वतंत्र माणसांचे नगर रेखायचे, तर रेखणाऱ्याची सत्ता त्या माणसांवर किती चालावी?

या वेडातला सर्वांत मोठा कलावंत म्हणजे डच चित्रकार कॉन्स्टंट न्यूवेनहाउस. १९५६ साली तो इटलीत आल्बा या गावी गेला होता. तिथे जिप्सी लोकांचे तांडे गुरांच्या बाजारात उतरत, आणि गावाला ते नकोसे झाले होते. गालित्सिओ नावाच्या चित्रकाराने आपल्या जमिनीवर त्यांना जागा दिली. कॉन्स्टंटने त्यांच्यासाठी एका तळाचा नमुना केला: वर एकच मोठे छप्पर आणि खाली हव्या तशा हलवता येतील अशा भिंती. तो तळ कधी बांधला गेला नाही. पण त्या छपराखालून ‘न्यू बॅबिलॉन’ नावाचे एक प्रचंड नगर निघाले आणि १९७४ सालापर्यंत कॉन्स्टंट त्यातच गुंतून राहिला.

न्यू बॅबिलॉनमध्ये जमीन सर्वांची. राबण्याचे काम यंत्रे करणार, कारखाने जमिनीखाली. मोटारी खालून धावणार आणि माणसे वर, खांबांवर तोललेल्या विस्तीर्ण मजल्यांवर राहणार. तिथे कायमचे घर कोणालाच नाही. उजेड, हवा, जिने, भिंती ज्याने त्याने त्या त्या दिवसाच्या लहरीप्रमाणे बदलाव्यात आणि पुढे चालू लागावे. खेळ हाच तिथला उद्योग. धातूच्या तारा आणि पारदर्शक प्लास्टिक यांतून घडवलेले त्याचे नमुने हेगच्या संग्रहालयात आहेत. छायाचित्रांतूनसुद्धा ते मोहून टाकतात. कोळ्याच्या जाळ्यावर दव पडावे तसे ते दिसतात.

पण त्या नगरात माणूस कुठे आहे? नमुन्यात तो नाही. चित्रांत दिसतो तो बहुधा ओझरती आकृती म्हणून. आपण नगर रचीत नाही, ते तिथले लोकच रचतील, असे कॉन्स्टंट आग्रहाने सांगे. तरीही कोणी एका जागी मुक्काम करू नये, हे त्यानेच ठरवून टाकले होते. बाळंतीण कुठे निजेल, गुडघे धरलेल्या आजीने लहरीप्रमाणे हलणारे जिने कसे चढावेत, आणि मला इथेच, याच खिडकीपाशी मरेपर्यंत राहायचे आहे असे कोणी म्हटले तर काय, या प्रश्नांना त्या देखण्या जाळ्यात जागा नाही. पुढे १९६९च्या सुमारास तो पुन्हा कुंचल्याकडे वळला. तेव्हाच्या चित्रांत शिड्या आणि जाळ्या आहेत, पण त्यांतली माणसे खेळताना दिसत नाहीत, अडकल्यासारखी दिसतात. मला ही चित्रे त्याच्या साऱ्या नमुन्यांहून मोठी वाटतात. आपल्या नगरावरची सर्वांत कठोर टीका त्याने स्वतःच रंगवली. हे धैर्य फार थोड्या कलावंतांना साधते.

न्यू बॅबिलॉन कागदावर राहिले, म्हणून त्यातले भांडणही कागदावर राहिले. असेच एक रेखलेले नगर प्रत्यक्षात उतरले, आणि तेही आपल्या देशात, पुदुच्चेरीजवळ. ऑरोव्हिलचा आरंभ २८ फेब्रुवारी १९६८ रोजी झाला. १२४ देशांतून आणि भारतातल्या राज्यांतून आलेल्या तरुणांनी मूठमूठ माती एका कलशात टाकली. माताजींनी, म्हणजे मीरा अल्फासा यांनी, कल्पना दिली आणि रोजे आंजे या फ्रेंच वास्तुशिल्पीने आराखडा केला. आकाशातल्या तारकामंडळाचा भोवरा जमिनीवर उतरावा तसा तो आहे. मध्ये मातृमंदिर, त्याभोवती वर्तुळाकार रस्ता, बाहेर फेकल्यासारख्या वळणदार इमारतींच्या रांगा, आणि सर्वांभोवती हिरवा पट्टा. वस्ती पन्नास हजारांची धरलेली.

पहिले रहिवासी आले तेव्हा तिथे तांबडी, भाजलेली, उघडी जमीन होती. भोवऱ्याच्या आधी सावली हवी होती. त्यांनी बांध घातले, पाणी मुरवले, झाडे लावली. एक नाही, लाखो. पन्नास हजारांऐवजी वस्ती तीन-साडेतीन हजारांवर राहिली, पण उजाड माळाचे रान झाले. हे रान नकाशात नव्हते. ते राहणाऱ्यांनी रचले.

आणि मग नकाशा आणि रान समोरासमोर आले. १९८८ च्या कायद्याने केंद्र सरकारने नेमलेले नियामक मंडळ आणि रहिवाशांची सभा अशा दोन्ही संस्था तिथे निर्माण केल्या. म्हणजे एकच पेन्सिल दोघांच्या हाती दिली. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडायला यंत्रे आली आणि रहिवासी आडवे झाले. हरित लवादाने २०२२ साली या कामाला आवर घातला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्यायाचा भाग न्यायालयाचा. त्यावर मी बोलावे असे काही नाही. मला दिसते ती कलेतली शोकांतिका. रस्ता पूर्ण वर्तुळच हवा, असा धरणाऱ्यांचा आग्रह. तो झाडांसाठी थोडा वाकला तर काय बिघडले, असा तिथे राबलेल्यांचा सवाल. आराखडा करणारा आंजे २००८ साली गेला. त्याची रेघ मात्र राहिली, आणि तिला वाकवण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरेना. गेलेल्या लेखकाच्या टिपणावरून कादंबरी पुरी करणाऱ्यांसारखी ही स्थिती. टिपणाशी इमान राखावे, की मधल्या काळात मोठ्या झालेल्या पात्रांशी?

तिसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. कोपनहेगन शहरातील लष्कराच्या रिकाम्या बराकींचे कुंपण मोडून १९७१ साली काही लोक आत शिरले आणि २६ सप्टेंबरला त्यांनी ‘ख्रिश्चानिया’ हे स्वतंत्र गाव जाहीर केले. सुमारे ३४ हेक्टर जागा, हजारएक माणसे. नकाशा कोणीच काढला नव्हता. जुन्या खिडक्या, मोडके लाकूड, मिळेल ती काच यांतून ज्याने त्याने घर उभारले, आणि त्यांतली काही घरे पाहायला आज जगभरचे वास्तुशिल्पी येतात. घर विकता येत नाही. मोटारींना बंदी, म्हणून तिथल्या लोहारशाळेने पुढे खोका जोडलेली तीनचाकी सायकल काढली, ती सबंध कोपनहेगनने उचलली. निर्णय सभेत, तोही मतमोजणीने नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत बसून. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला गच्चीच्या गळतीवर तीन तास बसलेल्या वाचकांना यातले सुख आणि दुःख वेगळे सांगायला नको.

पण नकाशा नसलेल्या गावात बळकट माणूस स्वतःची रेघ ओढतो. ख्रिश्चानियात उघड्यावर चरस विकणारी एक गल्ली झाली. हेरॉइनवाल्यांना रहिवाशांनी १९७९ सालीच हुसकले होते. ही गल्ली मात्र राहिली, पुढे टोळ्यांच्या हाती गेली, गोळ्या चालल्या, माणसे मेली. सर्वांचे एकमत लागते तिथे एकाचा हटवाद किंवा एकाची भीती पुरेशी होते. हा मुक्त वस्तीचा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या पोरकटपणाचे कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. ते बहुधा तिथे लेकरे न वाढवणाऱ्यांनी लिहिलेले असतात.

तरीही याच गावाने मला या लेखाचे उत्तर दिले. २०१२ साली रहिवाशांच्या न्यासाने कर्ज काढून सरकारकडून जमीन विकत घ्यायला आरंभ केला. फुकटचा ताबा सोडून जबाबदारी पत्करली. आणि ६ एप्रिल २०२४ रोजी, २०२३ मधल्या आणखी एका खुनानंतर, लहानथोर माणसे जमली आणि त्यांनी त्या गल्लीतले फरसबंदीचे दगड स्वतःच्या हातांनी उखडले. सरकारही पाठीशी होते. पण पहार लागली ती राहणाऱ्यांची.

हे कृत्य मला कॉन्स्टंटच्या नमुन्यांइतकेच कलेचे वाटते. आपण वसवलेल्या गावात काय चुकले, हे ओळखून ते खोडणे, हाच स्वराज्याचा खरा आराखडा. कॉन्स्टंटच्या नगरात खोडायला कोणी राहतच नव्हते. ऑरोव्हिलमध्ये खोडरबर कोणाचे, यावर भांडण लागले. ख्रिश्चानियाने ते उशिरा, जखमा सोसून, पण स्वतः वापरले.

याचा अर्थ कलावंताने नगराची स्वप्ने रेखू नयेत, असा नाही. ती रेघ नसती, तर त्या तांबड्या माळावर कोणी मूठभर माती घेऊन गेलेच नसते. कलावंताने रेखावे, जीव ओतून रेखावे. मात्र माणसे राहायला आली, की पेन्सिल त्यांच्या हाती देऊन बाजूला व्हावे. आणि राहणाऱ्यांनी ती घेताना ध्यानात ठेवावे, की तिच्या दुसऱ्या टोकाला रबर असते, आणि ते झिजवण्याचे कामही आता आपलेच.