परक्याच्या तोंडची भाषा

रोमन नाटक म्हटले की आपले अभ्यासक प्लॉटस आणि टेरेन्स यांच्यापाशी थांबतात. सामान्य प्रेक्षकांची गर्दी मात्र ‘माइम’ला होई. या खेळात मुखवटे नसत, स्त्रियांची कामे स्त्रियाच करीत, आणि पोट धरून हसणारे लोक नटाला मात्र इज्जत देत नसत. अशा खेळांच्या संहिता जपण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. म्हणूनच इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस (आजचे अल-बहनसा) येथे सापडलेला आणि ग्रेनफेल व हंट यांनी १९०३ साली छापलेला ग्रीक पपायरस आम्हाला मोलाचा वाटतो. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. त्यातील प्रहसनाला अभ्यासकांनी नायिकेवरून ‘खारिटिऑन’ हे नाव दिले.

कथानक हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडते. खारिटिऑन ही ग्रीक तरुणी तिथे एका देवळात अडकली आहे. तिचा भाऊ जहाज घेऊन येतो, राजाला पाणी न मिसळलेली दारू पाजून बेशुद्ध करतो आणि तिला सोडवतो. युरिपिडीसच्या ‘इफिगेनिया’ची ही उघड थट्टा आहे. विदूषकाचे मुख्य हत्यार म्हणजे पादणे. त्याने तो शत्रूंना पळवून लावतो! ढोल कुठे वाजवायचा याच्याही खुणा संहितेत आहेत. हा विनोद आम्हाला भरड वाटतो, पण प्रयोगाची जाण पक्की आहे.

खरा प्रश्न भाषेचा आहे. यातले हिंदी लोक अगम्य काहीतरी बोलतात. १९०४ मध्ये हुल्ट्श यांनी ती कन्नड असल्याचे सुचवले, १९२६ मध्ये बार्नेट यांनी ते नाकारले. वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हाच राजा नाचगाण्याच्या वेळी छंदोबद्ध ग्रीक बोलतो! म्हणजे लेखकाने ठरवले, तर परक्याला भाषा येते. हशा हवा असला की ती काढून घेतली जाते. ज्यांच्या बोलीची नक्कल करून नाटक-सिनेमांत टाळ्या वसूल केल्या जातात, त्या आमच्या वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

तरीही लेखकाला सरसकट दोष देणे आम्हाला पटत नाही. देवीच्या भेटवस्तू पळवू या, असे विदूषक सुचवतो तेव्हा खारिटिऑन त्याला अडवते. परक्यांचे देवळही तिच्या लेखी देवळच आहे.