सुटा अंक आणि संकलित आवृत्ती : महाड-पोलादपूरविषयक चित्रकथांच्या निमित्ताने

चित्रकथेचा सुटा अंक घ्यावा की अनेक अंक एकत्र बांधलेली आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाचा वाटतो. अंक स्वस्त पडतो पण लवकर फाटतो. आवृत्ती टिकते पण महाग पडते. एवढ्या चर्चेवर त्याची वासलात लावण्याची पद्धत आहे. वस्तुतः हा प्रश्न समीक्षेच्या मुळाशी जाणारा आहे. समीक्षक ज्याला 'कृती' म्हणतो ती कोठे सुरू होते व कोठे संपते, हे ठरल्याविना तिच्या रचनेविषयी काहीही बोलता येत नाही. चित्रकथेच्या बाबतीत ही सीमारेषा लेखक किंवा चित्रकार एकटा आखत नाही. अंकाची ठरीव पाने, प्रकाशनाचा क्रम आणि पुढे होणारी बांधणी यांचाही तीत वाटा असतो. म्हणून अंक वाचणारा आणि आवृत्ती वाचणारा हे दोघे एकच कृती वाचतात असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

या प्रश्नाचा विचार रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या दोन शेजारी तालुक्यांच्या आधारे करणे सोयीचे आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची समाधी तेथेच आहे. महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. या दोन्ही विषयांवर 'अमर चित्रकथा' या मालेत स्वतंत्र अंक निघाले आहेत. शिवाय महाडचा प्रसंग एका सलग चित्रग्रंथात आणि समकालीन पाक्षिकाच्या अंकांतही आलेला आहे. एकाच घटनेची सुटी, संकलित आणि सलग अशी तिन्ही रूपे अभ्यासकाच्या हाती येण्याचा योग मराठीत विरळा.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालेने सामान्यतः बत्तीस पानांचा अंक हे आपले माप ठरविले. विषय कोणताही असो, पुराणपुरुष असो वा आधुनिक नेता, त्याचे चरित्र या मापात बसले पाहिजे असा तिचा दंडक होता. हे माप निव्वळ छपाईची सोय नव्हे. ते एक वाङ्मयीन बंधन आहे. 'तानाजी' या अंकाला ते बाधत नाही, किंबहुना ते त्याला पोषकच ठरते. तानाजींच्या आयुष्याविषयी लोकमानसात जे दृढ आहे ते मुख्यतः फेब्रुवारी १६७० मधील एका रात्रीचे आहे. तुळशीदास शाहिराचा पोवाडाही त्या एका रात्रीकडेच धावतो. पोवाडा एका बैठकीत ऐकावयाचा असतो. बत्तीस पानांचा अंकही एका बैठकीत वाचून होतो. या अर्थाने असा अंक पोवाड्याचा वारस मानावा लागतो. पोवाड्यांच्या नशिबीही पुढे संकलन आलेच. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी ते एकत्र छापले तेव्हा ते वाचले गेले, पण एका पोवाड्यानंतर लगेच दुसरा वाचताना प्रत्येकाची स्वतंत्र उठावणी बोथट होते, हा अनुभव त्या संग्रहाच्या कोणत्याही वाचकाला नवा नाही.

'बाबासाहेब आंबेडकर' हा १९७९ सालचा अंक मात्र याच मापात गुदमरतो. लेखन एस. एस. रेगे यांचे आणि चित्रे दिलीप कदम यांची. १८९१ ते १९५६ एवढा काळ बत्तीस पानांत आणावयाचा, म्हणजे महाडच्या वाट्याला पाने किती येणार! मार्च १९२७ ची परिषद, तळ्याकडे गेलेली मिरवणूक, नंतरचे हल्ले, तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण, डिसेंबरमधील दुसरी परिषद, मनुस्मृतीचे दहन आणि १९३७ पर्यंत चाललेला दावा ही दहा वर्षांची साखळी आहे. चरित्राच्या अंकात ती एका दृश्यात आटते : नेता तळ्याकाठी उभा, ओंजळीत पाणी. हा दोष चित्रकाराचा नाही, मापाचा आहे. तथापि मापाच्या या सक्तीमुळे एक गोष्ट घडते, आणि तिची नोंद घेतली पाहिजे. या अंकात आंबेडकर एकटे असतात. त्यांच्या आधी कोणी नाही, नंतर कोणी नाही. मुलाच्या हातात पडलेल्या त्या पातळ पुस्तकाचे सारे मुखपृष्ठ त्यांचे असते. ज्या मालेत देव, राजे व संत यांची गर्दी होती तीत स्वतंत्र अंक मिळणे हेच त्या वेळी एक विधान होते.

संकलित आवृत्तीत हे विधान पुसट होते. तीन, पाच किंवा दहा अंक एका बांधणीत घालण्याची प्रथा या मालेत पुढे रूढ झाली. अशा ग्रंथात प्रत्येक चरित्र शेजारच्या चरित्राच्या प्रकाशात वाचले जाते. आणि शेजार कोणाचा, हे प्रकाशक ठरवितो. अलीकडील वर्गवारीत तानाजी शूरवीरांच्या विभागात आणि आंबेडकर द्रष्ट्यांच्या विभागात पडतात. म्हणजे शेजारच्या तालुक्यांतील हे दोन विषय दोन वेगळ्या कप्प्यांत जातात. वर्गवारी चूक आहे असे नव्हे. परंतु ती निरुपद्रवीही नाही. महाडचा सत्याग्रह करणारा नेता 'द्रष्टा' ठरला की त्याच्या कृतीतील संघर्षाचा भाग मागे पडतो आणि शहाणपणाचा भाग पुढे येतो. सुट्या अंकाच्या वाचकावर असे कोणतेही लेबल लादलेले नसते. शिवाय पुनर्मुद्रणात अंकांना नवे क्रमांक मिळाले. कोणता अंक कोणत्या अंकानंतर निघाला, मालेने आधुनिक काळाकडे केव्हा तोंड वळविले, सामाजिक सुधारणेचा विषय तिला केव्हा सुचला, हे मूळ क्रमांकांवरून कळते. नव्या क्रमांकांवरून या प्रश्नांचे चुकीचे उत्तर मिळण्याचाच संभव अधिक.

याउलट उदाहरणही याच मालेत सापडते. १९८५ नंतर तिने महाभारत बेचाळीस अंकांत क्रमाने काढले. चित्रे पुन्हा दिलीप कदम यांचीच. पुढे हे अंक तीन खंडांत एकत्र आले. येथे संकलित आवृत्तीच श्रेष्ठ ठरते, यात शंका घेण्याचे कारण नाही. महाभारताची कथा अंकाच्या सीमेपाशी थांबते ती केवळ पाने संपली म्हणून. कथेचा जोड पुढल्या अंकात असतो. मधला एखादा अंक हुकला तर वाचकाचा धागाच तुटतो. स्वयंपूर्ण अंकांची माला आणि क्रमशः चालणारी माला या दोहोंना एकच न्याय लावण्याची चूक ग्रंथखरेदीत सर्रास होते. समीक्षेतही ती कमी होत नाही.

आणखी एक प्रकार असा आहे की ज्यात संकलित आवृत्ती अंकाची जागा घेऊच शकत नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४ ते १९९० या काळात वेताळाच्या कथा भारतीय वाचकांपर्यंत पोहोचल्या. त्या वृत्तपत्रांतील पट्टिकांवरून घेतलेल्या होत्या आणि अंकाच्या पानांत बसविण्यासाठी त्यांतील चौकटी गाळल्या वा कातरल्या जात. वेताळाच्या आफ्रिकी देशाचे मूळ नाव बंगालशी जुळते म्हणून ते बदलून 'डेंकाली' करण्यात आले. मूळ पट्टिकांची परदेशी संकलने आज उपलब्ध आहेत व ती अधिक शुद्धही आहेत; परंतु मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी जी कथा वाचली ती त्या संकलनांत नाही. शुद्ध पाठ आणि वाचला गेलेला पाठ यांतील हा भेद संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. चित्रकथेला तो लावण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

अंक व संकलन यांतील खरा भेद काळाचा आहे, आणि तो महाडच्याच संदर्भात 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकावरून सर्वांत स्पष्ट होतो. हे पाक्षिक चित्रकथा नव्हे. पण अंकशः वाचन म्हणजे काय हे त्याच्याइतके दुसरे काही शिकवीत नाही. त्याचा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे तळ्यावरील सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी निघाला. त्या एप्रिल-मे महिन्यांत महाडच्या धर्मसंगराबाबत वरिष्ठ हिंदूंची, इंग्रज सरकारची आणि अस्पृश्यवर्गाची जबाबदारी यांचा ओळीने विचार करणारे तीन अग्रलेख वेगवेगळ्या अंकांत आले. संकलनात ते एकापाठोपाठ एक वाचले जातात आणि एका प्रबंधाची तीन प्रकरणे वाटतात. मूळ वाचकाला मात्र दोन लेखांच्या मध्ये पंधरा दिवस मिळत. वरिष्ठ हिंदूंना उद्देशून लिहिलेल्या लेखाला काही प्रतिसाद येतो का, हे पाहण्याचे ते दिवस होते. महाड नगरपालिकेचा तळे खुले करणारा १९२४ सालचा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी रद्द होणार आहे, हे मे महिन्यातील वाचकाला ठाऊक नव्हते. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद तोंडावर असताना न्यायालयाचा मनाईहुकूम येईल, हेही नव्हते. अंक वाचणारा अनिश्चिततेत वाचतो. संकलन वाचणाऱ्याला निकाल आधीच माहीत असतो, आणि त्यामुळे त्या लेखनातील आर्जव व इशारा या दोन्हींचा ताण त्याला कमी जाणवतो.

म्हणून संकलने नकोत असा निष्कर्ष कोणी काढू नये. रत्नाकर गणवीर यांनी या पाक्षिकातील अग्रलेख संपादून प्रसिद्ध केले, आणि १९९० साली महाराष्ट्र शासनाने 'बहिष्कृत भारत' व 'मूकनायक' यांचा एकत्रित खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली काढला. हे झाले नसते तर मूळ अंक ज्यांच्या हाती लागले त्या मोजक्या लोकांखेरीज कोणालाच हे लेखन वाचता आले नसते. परंतु या दोन प्रकाशनांतही भेद आहे. निवडक अग्रलेखांच्या पुस्तकात लेखक भेटतो, नियतकालिक भेटत नाही. समग्र खंडात नियतकालिकही भेटते. त्या खंडाच्या नावात १९२७ चे पाक्षिक आधी आणि १९२० चे नंतर येते. केवळ खंड हाताळून कालक्रम मनात पक्का करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

चित्रकथेकडे परतताना 'भीमायन' या ग्रंथाचा विचार अपरिहार्य होतो. २०११ साली 'नवयान'ने प्रसिद्ध केलेल्या या इंग्रजी ग्रंथाची चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची असून लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे आहे. हा ग्रंथ अंकांतून घडलेला नाही. तो प्रारंभापासूनच ग्रंथ आहे. त्याची विभागणी कालक्रमाने नाही, तर पाणी, निवारा व प्रवास अशा नाकारलेल्या गोष्टींवरून आहे. त्यामुळे शाळेत पाणी नाकारला गेलेला बालक आणि महाडच्या तळ्यावर गेलेला नेता हे दोघे एकाच विभागात, एकाच पाण्याच्या काठी येतात. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडण्यास नकार दिला व 'दिग्ना'च्या वळणदार रेषांनी पाने विभागली. महाडच्या सभेतील ध्वनिक्षेपक येथे पाण्याचे फवारे होतात आणि भाषण श्रोत्यांवर शिंपडले जाते. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. बत्तीस पानांच्या अंकात जी घटना एका चौकटीत आटली होती, ती येथे पानभर पसरते. तरीही 'भीमायन'च्या कौतुकात १९७९ च्या अंकाला हिणविण्याची जी प्रवृत्ती दिसते ती न्याय्य नाही. तो अंक मुलांपर्यंत पोहोचला, घरोघर फिरला आणि भारतीय भाषांतून वाचला गेला. 'भीमायन' प्रामुख्याने ग्रंथालयांतून व अभ्यासक्रमांतून वाचले जाते. दोहोंचे मोल एका तराजूत करावयाचे असेल तर तराजूच्या एका पारड्यात चौकटींची मांडणी आणि दुसऱ्यात वाचकांचे हात ठेवावे लागतील, आणि असा तराजू अद्याप कोणी बनविलेला नाही.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. तो समीक्षेबाहेरचा वाटला तरी तसा नाही, कारण जे उरत नाही त्याची समीक्षा होत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराचे पाणी महाड शहरात घरादुकानांतून शिरले. अशा गावी पातळ कागदावर छापलेल्या, तारेच्या टाचणीने बांधलेल्या अंकाचे आयुष्य किती, हे सांगावयास नको. पुठ्ठ्याच्या बांधणीतील आवृत्ती तुलनेने टिकेल, आणि न टिकल्यास नवी मिळेल. १९७९ ची मूळ प्रत पुन्हा मिळणार नाही. तेव्हा वाचनासाठी आवृत्ती आणि संशोधनासाठी अंक, अशी विभागणी तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन ग्रंथालयाला परवडणारी आहे. मात्र अंक बांधावयास दिले की बांधणावळीत मुखपृष्ठे, उपलब्ध अंकांच्या याद्या व जाहिराती काढून टाकल्या जातात आणि कडा कातरल्या जातात. बांधणी करणाऱ्यास तसे न करण्याची लेखी सूचना हवी. प्रबंधलेखकानेही आपण अंक वाचला की आवृत्ती, आणि कोणत्या सालची, हे प्रत्येक ठिकाणी नोंदले पाहिजे. आज बहुतेक प्रबंधांत केवळ मालेचे नाव दिलेले आढळते.

संकलित आवृत्ती विकत घेतल्यावर दाखलनोंद होते ती एका ग्रंथाची, एका नावाने. आतील पाच किंवा दहा चरित्रे तालिकेत दिसत नाहीत. पोलादपूरचा एखादा विद्यार्थी 'तानाजी' हे नाव शोधू लागला तर त्याला ग्रंथालयात तो अंक नाहीच असे उत्तर मिळते, आणि ग्रंथ मात्र समोरच्या फडताळात उभा असतो. प्रत्येक चरित्राची स्वतंत्र पोटनोंद करण्यास एक दुपार पुरे.