किल्ल्या न मागता

घरातील वडीलधाऱ्याच्या हातून कारभार काढून घ्यावयाचा, पण त्याचे मन मोडावयाचे नाही, हे किती अवघड असते ते संसारी वाचकांस सांगावयास नको. लिओ मॅकॅरीचा ‘गोइंग माय वे’ हा १९४४ चा अमेरिकन बोलपट नेमका याच नाजूक जागी हात घालतो. गोष्ट पाद्र्यांची, गाण्यांची नि हशांची. तिला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ७ ऑस्कर पारितोषिके मिळाली.

न्यूयॉर्कचे सेंट डॉमिनिक चर्च कर्जात बुडालेले. वृद्ध फादर फिट्झगिबन यांनी ते ४५ वर्षे सांभाळलेले. तरुण फादर ओमॅली आपला मदतनीस म्हणून आला, असे म्हातारा समजतो. वास्तविक बिशपने सारा कारभार ओमॅलीवरच सोपविलेला असतो. पण तो ते ओठांवर येऊ देत नाही. या मौनातच चित्रपटाचा जीव आहे. ‘याची बदली करा’ म्हणून म्हातारा बिशपकडे जातो, तेथे त्याला खरे काय ते उमगते आणि तो भर पावसात घर सोडतो. पोलीस त्याला परत आणतो. मग ओमॅली त्याला निजवितो, पुस्तकांमागे दडविलेली बाटली काढतो आणि आयर्लंडची अंगाई गातो. एका म्हाताऱ्याचे मूल होताना आपण पाहतो, आणि हसू येता येता घसा दाटतो.

बिंग क्रॉस्बी गोड गातो. पण भाव खाऊन जातो तो म्हातारा झालेला बॅरी फिट्झजेराल्ड. एकाच भूमिकेसाठी त्याचे नाव प्रमुख आणि साहाय्यक अशा दोन्ही पारितोषिकांसाठी सुचविले गेले. प्रमुख मिळाले क्रॉस्बीला, साहाय्यक त्याला.

दोष आहेतच. गल्लीतील मवाली पोरे बघता बघता सुरात गाऊ लागतात. रोज वर्गावर उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे पटत नाही. एक गाणे विकले जाते आणि कर्जाची चिंता मिटते. ओमॅलीला काहीच जड जात नाही, म्हणून त्याच्या चांगुलपणाची कसोटीही लागत नाही.

तरी शेवट सारे सावरून घेतो. चर्च आगीत जळून गेलेले. नाताळची आदली रात्र. ४५ वर्षांत न दिसलेली आई आयर्लंडहून येते आणि म्हातारा तिच्या कुशीत शिरतो. सर्वांचे डोळे त्या भेटीकडे लागलेले असताना ओमॅली आपली बॅग उचलून अंधारात निघून जातो. मागे ठेवतो एक नवा मदतनीस. कारभारी पुन्हा म्हाताराच.

घरी परतल्यावर आपल्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याशी चार शब्द बोलावेसे वाटले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणावयाचे.